पोटात डोकावणारा डोळा झाला अधिक तीक्ष्ण

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात औषधांचा एक डबा असतो. त्यात तापाची गोळी असते, खोकल्याची बाटली असते आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांचे एक पाकीट हमखास असते. जेवणानंतर छातीत जळजळ झाली की अब्बा त्यातली एक गोळी घेतात. दादीला करपट ढेकर आले की तिलाही तीच गोळी दिली जाते. हे वर्षानुवर्षे चालते. शौचातून रक्त पडले तर 'मूळव्याध असेल' म्हणून घरगुती इलाज सुरू होतो. अम्मीला जिने चढताना दम लागतो, रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ निघते. तेव्हा 'बाईमाणसाचे रक्त कमीच असते' असे म्हणून लोहाच्या गोळ्या आणल्या जातात. पण रक्त जाते कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बहुतेक वेळा ही दुखणी साधीच असतात. पण काही वेळा त्यामागे जठराचा अल्सर असतो, अन्ननलिकेतला सुरुवातीचा कर्करोग असतो किंवा मोठ्या आतड्यातली एक लहानशी गाठ रोज थोडे थोडे रक्त गाळत असते. बाहेरून पोट दाबून हे कळत नाही. सोनोग्राफीत जठराचा व आतड्याचा आतला पृष्ठभाग नीट दिसत नाही. तिथे आत जाऊन पाहावेच लागते. त्यासाठीच एंडोस्कोपी आहे. आपल्याकडे तिला 'पोटात दुर्बीण घालणे' म्हणतात.

या दुर्बिणीची नजर गेल्या पंचवीस वर्षांत खूप बदलली. जी गाठ पूर्वी डोळ्यांसमोरून निसटून जाई, ती आज दिसू लागली आहे. हे कसे घडले आणि आपल्या घरातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे समजून घेऊ या.

दुर्बीण म्हणजे नेमके काय?

तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपला अन्नमार्ग म्हणजे सुमारे आठ-नऊ मीटर लांबीची एक नळी आहे. तिचा वरचा भाग म्हणजे अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात. हा भाग तोंडावाटे पाहतात, त्याला गॅस्ट्रोस्कोपी म्हणतात. शेवटचा सव्वा-दीड मीटर म्हणजे मोठे आतडे. ते गुदद्वारावाटे पाहतात, ती कोलोनोस्कोपी.

जठरासाठीची नळी साधारण करंगळीएवढी जाड आणि एक मीटरभर लांब असते. मोठ्या आतड्याची नळी त्याहून थोडी जाड व लांब. ती हवी तशी वळते. टोकाला दिवा असतो आणि कॅमेरा असतो. काच पुसायला पाण्याची बारीक धार सोडता येते, आतडे फुगवायला हवा सोडता येते. नळीच्या आत आणखी एक पोकळ मार्ग असतो. त्यातून चिमटा घालून संशयित जागेचा कणभर तुकडा काढतात आणि तपासणीला पाठवतात. तीच बायोप्सी. त्याच मार्गाने तारेचा फास घालून गाठ कापून काढता येते, रक्तस्राव थांबवता येतो. म्हणजे ही दुर्बीण नुसती पाहत नाही, कामही करते.

मेणबत्तीपासून काचेच्या धाग्यापर्यंत

माणसाच्या शरीराच्या आत पाहण्याची धडपड जुनी आहे. १८०६ साली फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टराने मेणबत्तीचा उजेड आरशाने आत सोडणारे एक उपकरण तयार केले. पुढे १८६८ मध्ये जर्मनीतल्याच फ्रायबुर्ग शहरात आडोल्फ कुसमाउल यांनी सरळ धातूची नळी थेट जठरापर्यंत पोहोचवली. त्यासाठी त्यांनी माणूस कोण निवडला? जत्रेत तलवार गिळून दाखवणारा एक खेळकरी! सामान्य माणसाला ती ताठ नळी गिळणे शक्यच नव्हते. शिवाय उजेड इतका अपुरा की आत फारसे काही दिसले नाही.

१९३२ मध्ये रूडोल्फ शिंडलर यांनी थोडीफार वाकणारी नळी आणली. तरी खरी अडचण कायम होती. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि आपले आतडे तर वळणावळणाचे.

इथे आपल्या देशाचा एक सुपुत्र या कथेत येतो. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म १९२६ साली पंजाबातल्या मोगा इथे झाला. शाळेत असताना 'प्रकाश फक्त सरळ रेषेत जातो' असे गुरुजींनी सांगितले आणि ते काही आपल्याला पटले नाही, अशी आठवण ते पुढे सांगत असत. वर्गात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी ही आठवण जपून ठेवावी अशी आहे. शंका काढणाऱ्या मुलाला गप्प करू नये, हा धडा त्यात आहे. कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तिथे हॅरल्ड हॉपकिन्स या प्राध्यापकांबरोबर त्यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. जुडगा वाकवला तरी चित्र पोहोचत होते. १९५४ साली हा शोध 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आला.

तो लेख बेसिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरच्या वाचनात आला. ते लंडनला जाऊन हॉपकिन्स आणि कपानी यांना भेटले. मग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सहकाऱ्यांसह त्यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण बनवली. १९५७ मध्ये ती त्यांनी आधी स्वतः गिळली आणि त्यानंतर रुग्णाच्या पोटात घातली. आजच्या एंडोस्कोपीची सुरुवात तिथे झाली. कपानी यांचे २०२० साली निधन झाले. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

काचतंतूंच्या दुर्बिणीला मात्र दोन मर्यादा होत्या. चित्र हजारो ठिपक्यांचे बनलेले, जाळीतून पाहिल्यासारखे दिसे. एखादा तंतू तुटला की तिथे कायमचा काळा डाग पडे. आणि डॉक्टर एक डोळा मिटून नळीच्या टोकाला दुसरा डोळा लावून पाहत. बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला काहीच दिसत नसे.

१९८३ मध्ये वेल्च ॲलिन या अमेरिकी कंपनीने काचतंतूंच्या जागी टोकाला एक छोटी इलेक्ट्रॉनिक चिप बसवली. चिपवर पडलेले चित्र विजेच्या संकेतात बदलून तारेने बाहेर येऊ लागले आणि टीव्हीच्या पडद्यावर उमटू लागले. ही चिप १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली होती. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात आज जे तंत्र आहे, ते याच कुळातले.

एचडी म्हणजे किती स्पष्ट?

'एचडी' हा शब्द आपण टीव्हीच्या जाहिरातीत ऐकतो. एंडोस्कोपीतही अर्थ तोच. चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनते, त्यांना पिक्सेल म्हणतात. ठिपके जितके जास्त, तितका बारकावा जास्त. जुन्या व्हिडिओ दुर्बिणीच्या चिपवर साधारण एक ते चार लाख पिक्सेल असत. एचडी दुर्बिणीत ते साडेआठ लाखांपासून दहा लाखांच्या पुढे गेले. पडद्याचे गणित करून पाहा. ६४० गुणिले ४८० म्हणजे सुमारे तीन लाख ठिपके, हा जुन्या धाटणीचा पडदा. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक, हा पूर्ण एचडी पडदा. आता फोर-के पडदे आले आहेत, त्यांत ८२ लाखांवर ठिपके असतात.

पण आकडे मोठे झाले म्हणून रुग्णाचे काय भले झाले? हे समजायला उर्दू लिपी आठवा. 'खे' या अक्षराच्या डोक्यावर एकच नुक्ता असतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलो आणि तो नुक्ता पुसला गेला, तर 'खे'ची 'हे' होते आणि शब्दाचा अर्थच बदलतो. मराठीत अनुस्वार पुसला की तीच गत. अक्षराचा आकार ठळक दिसत असतो, पण अर्थ त्या बारीक ठिपक्यात असतो.

आतड्याच्या अस्तरावरही असेच बारीक लेखन असते. निरोगी अस्तरावर सूक्ष्म छिद्रांची एक ठरावीक नक्षी असते, केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचे नियमित जाळे असते. पेशी बिघडू लागल्या की आधी ही नक्षी बदलते. कुठे छिद्रे वेडीवाकडी होतात, कुठे जाळे तुटते, कुठे जागा किंचित लालसर किंवा फिकट होते. गाठ वर यायला अजून वेळ असतो. जुन्या पडद्यावर ही नक्षी पुसट दिसे. एचडीवर ती वाचता येते. काही दुर्बिणींत भिंग पुढे-मागे करून अगदी जवळचे चित्र घेता येते, तेव्हा तर एकेक छिद्र मोजावे असे दिसते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुर्बीण एचडी असून भागत नाही. चित्रावर प्रक्रिया करणारा संच, मधली तार आणि पडदा हे सगळेच एचडी लागते. साखळीतली एक कडी जुनी असली तर चित्र त्या कडीच्या दर्जाचेच मिळते. नवा टीव्ही आणून त्याला जुनीच केबल जोडल्यावर जे होते, तेच इथे होते.

निळ्या प्रकाशाची करामत

जास्त ठिपक्यांइतकाच मोठा बदल प्रकाशात झाला. पांढरा उजेड सात रंगांचा असतो, हे आपण सातवीत-आठवीत शिकलो. जपानी संशोधकांनी विचार केला की आतड्यात सगळे रंग सोडण्यापेक्षा निवडक रंग सोडले तर? रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश जास्त शोषून घेते. म्हणून त्यांनी ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा, एवढे दोनच अरुंद पट्टे वापरले. निळा प्रकाश अस्तरात खोल जात नाही, वरच्यावरच थांबतो. त्यामुळे पृष्ठभागाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी, ठळक दिसतात. हिरवा थोडा खोल जातो, त्यामुळे खालच्या मोठ्या वाहिन्या निळसर-हिरव्या दिसतात. डॉक्टर दुर्बिणीवरचे एक बटण दाबतात आणि क्षणात चित्र बदलते. रुग्णाला वेगळे इंजेक्शन लागत नाही, वेगळी वेदना होत नाही.

कर्करोगाच्या पेशींना वाढायला रक्त जास्त लागते. म्हणून त्या आपल्याभोवती नव्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या उभ्या करतात. निळ्या प्रकाशात नेमके तेच उठून दिसते.

याचा उपयोग अन्ननलिकेच्या कर्करोगात फार मोठा ठरला. २०१० साली जपानमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या ३२० रुग्णांना त्यात घेतले होते. अशा रुग्णांत अन्ननलिकेत किंवा घशात दुसरीकडेही सुरुवातीचा कर्करोग लपलेला असू शकतो. साध्या पांढऱ्या उजेडात अन्ननलिकेतले असे ५५ टक्के डाग सापडले, निवडक प्रकाशात ९७ टक्के. घसा व तोंडाच्या भागात तर पांढऱ्या उजेडात केवळ ८ टक्के सापडले आणि निवडक प्रकाशात सगळे. माणसे तशीच, आजार तोच. फरक प्रकाशाचा होता.

आपल्या महाराष्ट्राला हे विशेष लागू आहे. तंबाखू, गुटखा, विडी आणि मशेरी यांचे व्यसन आपल्या वस्त्यांत कमी नाही. पुरुषांची गोष्ट सोडा, दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावणाऱ्या आयाबहिणी आपण रोज पाहतो. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. अन्ननलिकेलाही तिचा धोका आहे, हे कमी जणांना माहीत आहे. घास अडकू लागला, पाण्याच्या घोटाबरोबर भाकरी उतरवावी लागली, तरी माणूस महिनोन्महिने अंगावर काढतो. ज्या टप्प्यावर घास अडकतो, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. निळा प्रकाश जो डाग दाखवतो, तो त्याच्या कितीतरी आधीचा असतो.

रंगाची आणखी एक जुनी युक्ती आजही वापरात आहे. अन्ननलिकेवर आयोडीनचे द्रावण फवारले की निरोगी भाग तपकिरी होतो आणि बिघडलेला भाग रंग न घेता फिका राहतो. आतड्यात निळा रंग फवारला की तो खाचाखोचांत साचतो आणि चपट्या गाठीची कड उठून दिसते. कपड्यावर नीळ बसली की शिवण कशी दिसू लागते, तसेच. एचडी पडद्यावर ही जुनी युक्तीही अधिक कामी येते.

एक गाठ वेळेत सापडली तर

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची एक गोष्ट दिलासा देणारी आहे. तो एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा आधी अस्तरावर पॉलिप नावाची लहान गाठ येते. तिच्यातल्या काही प्रकारच्या गाठी वर्षानुवर्षे, साधारण दहा वर्षांच्या काळात, हळूहळू कर्करोगाकडे सरकतात. या काळात ती गाठ सापडली आणि दुर्बिणीतूनच कापून काढली, तर पुढचा कर्करोग टळतो. आजार लवकर कळणे ही एक गोष्ट झाली. इथे तर आजार होण्याआधीच त्याचे मूळ उपटता येते.

अडचण अशी की सगळ्या गाठी अळंबीसारख्या देठावर उभ्या नसतात. काही अगदी चपट्या असतात, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाच्या, वर शेंबडाचा पातळ थर घेऊन बसलेल्या. अनुभवी डोळ्यांनाही त्या चकवतात. अशाच गाठी पाहण्यासाठी स्पष्ट चित्र लागते.

एचडीमुळे फरक किती पडला? २०११ मध्ये पाच अभ्यासांतील चार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला गेला. एचडी वापरल्यावर धोकादायक प्रकारची गाठ सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढले. आकडा लहान वाटतो. पण शंभर माणसांत तीन-चार माणसे अशी, की ज्यांना 'सगळे ठीक आहे' म्हणून घरी पाठवले गेले असते. त्या तीन-चार घरांसाठी हा आकडा लहान नाही.

२०१४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जो डॉक्टर अशा गाठी जास्त रुग्णांत शोधून काढतो, त्याच्या रुग्णांना पुढे कर्करोग कमी होतो, हे त्यात दिसले. शोधण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की पुढच्या कर्करोगाचा धोका सुमारे तीन टक्क्यांनी कमी, असे ते नाते होते. म्हणून बारीक गाठ दिसणे हा नुसत्या सुंदर चित्राचा प्रश्न नाही, तो जीव वाचण्याचा प्रश्न आहे.

स्पष्ट चित्राने उपचारही बदलले. गाठीची कड नेमकी कुठे संपते हे दिसल्यामुळे जठराचा किंवा आतड्याचा अगदी सुरुवातीचा कर्करोग पोट न उघडता, दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. हे कसब जपानमध्ये विकसित झाले आणि आता आपल्या देशातल्या मोठ्या केंद्रांतही केले जाते. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने आणि तिचे संस्थापक डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी या क्षेत्रात भारताचे नाव जगभर नेले. त्यांना २०२५ साली पद्मविभूषण मिळाले.

यंत्र चांगले, पण तेवढ्याने भागत नाही

महागडी वही घेतली म्हणून मुलाचे अक्षर सुधारत नाही. इथेही तसेच आहे. तीन गोष्टी यंत्राइतक्याच मोलाच्या आहेत.

पहिली गोष्ट, आतडे स्वच्छ हवे. आतड्यात मळ राहिला तर एचडी कॅमेरा तो मळच स्पष्ट दाखवणार. कोलोनोस्कोपीआधी जे जुलाबाचे औषध देतात, ते दोन-तीन लिटर पिणे अनेकांना नकोसे होते. अर्धे पिऊन उरलेले बेसिनमध्ये ओतणारे रुग्ण कमी नाहीत. मग तपासणी अपुरी राहते, पैसे जातात आणि गाठ तिथेच राहते. आजकाल औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि अर्धा तपासणीच्या दिवशी पहाटे देतात. त्याने आतडे जास्त स्वच्छ होते. औषध थंड करून, थोडे थोडे प्यायल्यास सोपे जाते. घरच्यांनी रुग्णाजवळ बसून ते पूर्ण करून घ्यावे.

दुसरी गोष्ट, डॉक्टरने घेतलेला वेळ. कोलोनोस्कोपीत खरी पाहणी नळी बाहेर काढताना होते. २००६ सालच्या एका अभ्यासात, जे डॉक्टर सरासरी सहा मिनिटे किंवा जास्त वेळ घेत, त्यांना २८ टक्के रुग्णांत गाठी सापडल्या. घाईने नळी काढणाऱ्यांना जेमतेम १२ टक्क्यांत. तेव्हापासून किमान सहा मिनिटे ही मर्यादा पाळण्याचा आग्रह धरला जातो.

तिसरी गोष्ट, पाहणारा डोळा. दिवसभरात पंधरावी तपासणी करणारा डॉक्टरही माणूसच आहे, तो थकतो. इथे आता संगणक मदतीला येत आहे. हजारो चित्रे दाखवून तयार केलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्रॅम पडद्यावरचे चित्र त्याच क्षणी तपासतो. संशयाची जागा दिसली की तिच्याभोवती रंगीत चौकट काढतो. २०१९ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासात या मदतीने धोकादायक गाठ सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण २० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. जास्तीच्या सापडलेल्या गाठी मुख्यतः लहान होत्या, हेही सांगायला हवे. अमेरिकेने २०२१ मध्ये असे पहिले उपकरण वापरायला परवानगी दिली. पण संगणकाला जे चित्र दिसते त्यावरच तो बोलतो. घडीमागे लपलेली किंवा मळाखाली झाकलेली गाठ त्यालाही दिसत नाही. चौकट संगणक काढतो, निर्णय डॉक्टरचाच राहतो.

आपल्या घरातले प्रश्न

प्रत्येक ॲसिडिटीला दुर्बिणीची गरज नसते. पण पुढीलपैकी काही असेल तर घरगुती इलाजात वेळ घालवू नये:

• गिळताना घास अडकणे
• शौच डांबरासारखे काळे होणे किंवा त्यातून रक्त पडणे (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून डॉक्टरांना त्या सांगाव्यात)
• कारण नसताना वजन घटणे
• वारंवार उलट्या होणे, उलटीतून रक्त पडणे
• कारण न सापडलेला रक्तक्षय, विशेषतः पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत
• शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणे
• आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे

शेवटच्या मुद्द्याबाबत, त्रास काहीच नसला तरी चाळिशीत डॉक्टरांना भेटून तपासणी कधी करावी ते विचारून घ्यावे. नातेवाइकाला आजार कमी वयात झाला असेल तर त्याही आधी.

भीतीबद्दल बोलू. 'नळी घशात अडकेल', 'श्वास बंद होईल' अशी भीती बहुतेकांना असते. नळी अन्ननलिकेतून जाते, श्वासनलिका वेगळी असते, त्यामुळे श्वास चालू राहतो. घशावर बधिर करणारा फवारा मारतात, हवे असल्यास गुंगीचे इंजेक्शन देतात. जठराची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. गुंगी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये आणि सोबत घरचे कोणीतरी असावे. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण नुसत्या पाहणीत तो हजारात एकाहूनही कमी असतो. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते आधीच सांगावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

संकोच हाही मोठा अडथळा आहे. कोलोनोस्कोपीचे नाव निघाले की आपल्या स्त्रिया गप्प होतात. तपासणीत अंग पूर्ण झाकलेले असते, मागे उघडणारी खास विजार किंवा चादर देतात. स्त्री डॉक्टर किंवा निदान परिचारिका हजर असावी, असे आधीच सांगता येते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. विचारले तर बहुतेक ठिकाणी सोय होते. संकोचापायी आजार वाढवणे मात्र परवडत नाही.

रमजानमध्ये आणखी एक प्रश्न येतो. जठराच्या तपासणीआधी सहा-आठ तास उपाशी राहावे लागते, म्हणून 'रोज्यातच उरकून घेऊ' असे काहींना वाटते. पण तपासणीत पाणी आत सोडले जाते, औषधे दिली जातात. कोलोनोस्कोपीच्या तयारीत तर लिटरभर औषधे प्यावी लागतात, त्या दिवशी रोजा शक्यच नाही. घाई नसेल तर डॉक्टरांच्या संमतीने तपासणी ईदनंतर ठेवावी. रोज्याचे काय होते हे आपल्या जाणकार आलिमांना विचारावे. रक्तस्राव होत असेल किंवा घास उतरत नसेल, तर मात्र थांबू नये. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे आणि ते रोजे नंतर पूर्ण करता येतात, हे आपण सगळे जाणतो.

खर्च रुग्णालयागणिक बदलतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तो खासगीपेक्षा बराच कमी असतो, पण तारीख मिळायला वेळ लागू शकतो. तारीख घेताना पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही: तुमची दुर्बीण आणि पडदा एचडी आहे का? निवडक प्रकाशाची सोय आहे का? दर रुग्णानंतर दुर्बीण जंतुनाशकाने पूर्ण धुतली जाते का? गाठ दिसली तर त्याच वेळी काढाल की पुन्हा यावे लागेल? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. अहवालात आतडे किती स्वच्छ होते आणि नळी शेवटपर्यंत पोहोचली का, हे लिहिलेले आहे ना, तेही पाहावे. अहवाल, फोटो आणि बायोप्सीचा कागद एका फाइलमध्ये जपून ठेवावा. पुढच्या वेळी तुलना करायला तो लागतो.

आणि जवळपास एचडी यंत्र नाही म्हणून तपासणीच टाळू नये. स्वच्छ आतड्यात, सावकाश केलेली साधी तपासणी ही न केलेल्या उत्तम तपासणीपेक्षा केव्हाही चांगली. लक्षणे असतील तर आधी जी मिळेल ती करावी. पुढे गरज पडल्यास मोठ्या केंद्रात पाठवायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आज रात्री जेवणानंतर औषधांचा तो डबा काढा. ॲसिडिटीची गोळी कोण, किती दिवसांपासून घेत आहे, ते विचारा. अम्मीचे शेवटचे हिमोग्लोबिन किती होते आणि ते कमी का आहे, हे कोणी शोधले का, तेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.